धूम्रपान : फुप्फुसापासून पायाच्या बोटापर्यंत

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एखादा आरोग्यविषयक लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. यंदा धूम्रपानावर लिहावे असे ठरले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आला तो छातीचा रुग्ण नव्हता. तो पायाचा रुग्ण होता.

चाळिशीही न गाठलेला शेतमजूर. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचे बोट काळे पडलेले. रात्रभर झोप नाही. पाय खाटेखाली लोंबता ठेवला तरच थोडा आराम. काटा रुतला असेल अशा समजुतीने घरच्यांनी आधी पाल्याचे लेप लावले होते, नंतर दुकानातून आणलेले मलम. मी घोट्याजवळची नाडी चाचपली, ती हाताला लागेना. मधुमेह नव्हता. "दिवसाला विड्या किती?" असे विचारताच सोबत आलेली त्याची आई जरा चिडूनच म्हणाली, "बोट काळं पडलंय सायेब, अन् तुम्ही विडीचं काय इचारता?"

माउलीचा प्रश्न रास्त होता. धूर तोंडाने ओढायचा, तो जातो छातीत. मग पायाच्या बोटाशी त्याचा संबंध काय? हा लेख म्हणजे तिला त्या गर्दीच्या सकाळी जे दोन वाक्यांत सांगितले, तेच थोड्या सवडीने सांगण्याचा प्रयत्न आहे. शिवाय रुग्णांच्या तोंडून दररोज ऐकू येणारी आणखी दोन वाक्ये मनात आहेत. एक, "आता कमी केलीय डॉक्टर, दिवसाला दोन-चारच." आणि दुसरे, "आता या वयात सोडून काय उपयोग?" दोन्ही वाक्ये प्रामाणिकपणे उच्चारली जातात, आणि दोन्ही चुकीची आहेत.

प्रथम फुप्फुसाची रचना पाहू. श्वासनलिका छातीत उतरल्यावर दुभंगते, प्रत्येक फाटा पुन्हा दुभंगतो, आणि असे सुमारे तेवीस वेळा घडते. शेवटच्या बारीक फांद्यांना वायुकोशांचे घोस लगडलेले असतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या तीस कोटींच्या पुढे जाते. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. शहरातल्या दोन शयनगृहांच्या सदनिकेएवढी. वायुकोशातील हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतील रक्त यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. या पडद्यातून प्राणवायू आत येतो आणि कर्बवायू बाहेर जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त या जाळ्यातून फिरवते, म्हणजे अंगातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एकदा फुप्फुसाला भेटून जाते. धुरात जे जे असेल, ते या भेटीत रक्ताच्या हाती पडते. झुरका घेतल्यावर निकोटिन मेंदूत पोहोचायला दहा-वीस सेकंद पुरतात. मेंदूपर्यंत जाणाऱ्या रक्ताला पायाच्या बोटाची वाटही ठाऊक असतेच.

आपल्या भागात सिगारेटपेक्षा विडी अधिक, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. टेंभुर्णीच्या, म्हणजे व्यापारी भाषेत तेंदूच्या, पानात सुमारे पाव ग्रॅम तंबाखू गुंडाळली की विडी तयार होते. पान गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातून येते, आणि सोलापूर, सिन्नर यांसारख्या गावांत घरोघरच्या स्त्रिया दिवसभर मान खाली घालून विड्या वळतात. तंबाखूची पूड त्यांच्याही श्वासात जाते. पोटासाठी चाललेल्या त्यांच्या कष्टांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. मात्र "विडी पानाची असते, कागदाची नाही, तंबाखूही थोडी, म्हणून ती बाधत नाही" ही समजूत साफ खोटी आहे. पानातून हवा झिरपत नाही, त्यामुळे विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायची तर सिगारेटच्या दुप्पट-तिप्पट झुरके, तेही जोर लावून घ्यावे लागतात. तिला गाळणी नसते. तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे माप सिगारेटच्या खाली राहत नाही. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील सुमारे अकरा लक्ष घरांतील मृत्यूंच्या आधारे केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरीने सहा वर्षांनी, तर विडी ओढणाऱ्या स्त्रीचे आठ वर्षांनी घटते. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाची दहा वर्षे जातात.

श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर अत्यंत सूक्ष्म केसांची लव असते. शेतातल्या पिकावरून वारा जावा तशी ती एका लयीत हलते आणि धूळ, जंतू, कफ यांना घशाकडे ढकलत राहते. तंबाखूच्या धुराने ही लव लुळी पडते, पुढे झडते. त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मात्र फुगतात. केर वाढला आणि झाडणारा आजारी पडला, अशी घराची अवस्था होते. रात्रभर विडी न मिळाल्याने लव थोडी सावरते आणि पहाटे साचलेला कफ वर ढकलू लागते. 'सकाळची खोकल्याची उबळ' ती हीच. गंमत अशी की पहिली विडी ओढताच लव पुन्हा बधिर होते, खोकला थांबतो, आणि माणूस छातीठोकपणे सांगतो की विडीने मला मोकळे वाटते.

याहून खोल इजा वायुकोशांना होते. धुराची कणी दिसली की शरीर तेथे पांढऱ्या पेशी धाडते. त्या पेशी जंतूंसाठी राखलेली पाचक द्रव्ये सोडतात आणि ती द्रव्ये वायुकोशांच्या लवचिक भिंतीच खाऊ लागतात. त्यांना आवर घालणारे एक प्रथिन रक्तात असते, पण धूर त्यालाही निकामी करतो. भिंती विरून चार लहान कोशांचा एक मोठा, सैल कोश होतो. जागा तेवढीच, परंतु पृष्ठभाग घटलेला. फुग्याचे रबर सैल पडावे तसे फुप्फुस हवा आत घेते, पण बाहेर टाकू शकत नाही. ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडणारे, चार शब्द बोलून थांबणारे आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत. गावात याला सरसकट 'दमा' म्हणतात. दम्याची नळी औषधाने बरीचशी पूर्ववत होते, या आजारातली होत नाही. मोडलेला वायुकोश पुन्हा बांधणारे औषध आजही कोणाजवळ नाही.

हे सारे कळून का येत नाही? निसर्गाने आपल्याला गरजेपेक्षा बरीच अधिक फुप्फुसे दिली आहेत म्हणून. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे स्पायरोमीटर नावाच्या यंत्रावर मोजता येते. पंचविशीनंतर हे माप प्रत्येकाचेच वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरने उतरते. ज्यांच्या फुप्फुसांना धूर विशेष बाधतो, त्यांच्यात हा उतार दुपटीने किंवा त्याहूनही वेगाने होतो. चाळिशीत बाजाराची पिशवी घेऊन चढ चढताना काही जाणवत नाही, आणि ज्या दिवशी जाणवते त्या दिवशी जवळजवळ निम्मी शक्ती गेलेली असते. फ्लेचर आणि पेटो या संशोधकांनी लंडनमधील नोकरदार-कष्टकरी पुरुषांचा आठ वर्षे पाठपुरावा करून १९७७ साली हा आलेख मांडला. त्यातली दुसरी बाजू आमच्या रुग्णांना सांगताना मला बरे वाटते. धूम्रपान सोडले तर गेलेले परत येत नाही, परंतु उताराचा वेग न ओढणाऱ्या माणसाइतका होतो. पन्नाशीत सोडणाऱ्याला सत्तरीत स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाता येते. न सोडणाऱ्याचे पासष्टीतच अंघोळीचे तांबे उचलतानाही श्वास पुरत नाही, असे होऊ शकते.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाते आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. आपल्या देशात क्षयाशी असलेले नाते मात्र पुरेसे बोलले जात नाही. तामिळनाडूतील सुमारे त्रेचाळीस हजार पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. भारतातील पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे धूम्रपानामुळे ओढवतात, असा त्याचा निष्कर्ष होता. लव झडलेल्या आणि पहारेकरी पेशी थकलेल्या फुप्फुसात सुप्त जंतू डोके वर काढतात. क्षयाच्या गोळ्या दिल्या आणि विडीविषयी एक शब्दही बोललो नाही, तर आमचे काम अर्धेच झाले. येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. जन्मात विडीला हात न लावलेल्या स्त्रियांतही हाच श्वासाचा आजार आढळतो, आणि त्याचे मोठे कारण चुलीचा धूर. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले. तेव्हा धाप लागलेल्या प्रत्येक आजीबाईंकडे संशयाने पाहू नये, एवढीच विनंती.

आता रक्तवाहिन्या. जळत्या तंबाखूतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. नेहमी ओढणाऱ्याच्या रक्तात शंभरातील पाच ते दहा जागा त्याने अडवलेल्या असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी शरीर तांबड्या पेशी वाढवते आणि रक्त दाट होते. निकोटिन आपले काम निराळेच करते. ते नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढवते, आणि हातापायांच्या वाहिन्या आवळते. हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू कमी, अशी कोंडी होते.

परंतु मूळ घाव बसतो तो रोहिणीच्या आतल्या अस्तरावर. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचे असते, तरी त्याला नुसता गिलावा समजू नये. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सूक्ष्म प्रमाणात निर्माण करते. त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्तकणिका तिच्या भिंतीला चिकटत नाहीत. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. धुरातील द्रव्ये हा वायू नष्ट करतात. मग अस्तर खरखरीत होते, त्यावर चरबीचे थर बसतात, रक्तकणिका चिकट होतात, आणि एखाद्या दिवशी थराला भेग पडून तेथे गुठळी जमते. ती हृदयाच्या रोहिणीत झाली तर हृदयविकाराचा झटका, मेंदूत झाली तर पक्षाघात, पायात झाली तर गँग्रीन. पोटातली महारोहिणी फुगून फुटण्यामागेही धूम्रपान हे प्रमुख कारण आहे.

फुप्फुस आणि रक्तवाहिनी यांच्या हिशेबात एक महत्त्वाचा फरक आहे, आणि 'दोन-चारच' म्हणणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात घ्यावा. फुप्फुसाचे नुकसान साधारणपणे मापाने वाढते; जितक्या विड्या आणि जितकी वर्षे, तितके अधिक. रक्तवाहिन्यांचे तसे नाही. २०१८ साली १४१ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो जादा धोका उद्भवतो, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याच्याही पदरी येतो, असे दिसले. रक्तकणिका चिकट व्हायला थोडा धूर पुरतो. म्हणूनच स्वतः न ओढणाऱ्या, पण धुराच्या घरात राहणाऱ्या पत्नीच्या हृदयालाही झळ पोहोचते. एसटीच्या समोरच्या बाकावरून येणारा विडीचा धूर गिळत ज्यांनी प्रवास केले, त्यांना ते दिवस आठवत असतील. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली निकाल दिला, २००३ साली कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे अधिक कडक नियम लागू झाले. बाहेरचा धूर बराच कमी झाला; ओटीवरचा आणि माजघरातला आहेच.

त्या शेतमजुराला झालेला आजार लिओ बर्जर या न्यूयॉर्कच्या वैद्यकांच्या नावाने ओळखला जातो. कापून काढलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून त्यांनी १९०८ साली त्याचे वर्णन केले. यात चरबीचे थर बसत नाहीत. हातापायांच्या लहान व मध्यम रोहिण्यांना आणि शेजारच्या शिरांना सूज येते आणि त्या गुठळ्यांनी बुजत जातात. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतला, आणि तंबाखूचा संबंध नसलेला रुग्ण जवळजवळ आढळतच नाही. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी अधिक दिसतो, आणि तो बहुतेक गरिबाच्याच घरी येतो. आरंभी चालताना तळपाय किंवा पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. रुग्ण ते वाताचे दुखणे समजतो. मग पाय थंड पडतो, बोटाला न भरणारी जखम होते. हृदयासाठी करतात तशी बायपास शस्त्रक्रिया येथे बहुधा करता येत नाही, कारण रक्त जिथे नेऊन जोडायचे ती पुढची वाहिनीच बुजलेली असते. वेदना कमी करणारी औषधे आहेत, पाठीच्या कण्याजवळची मज्जातंतूंची साखळी छेदण्याची शस्त्रक्रिया आहे, परंतु रोगाची चाल रोखणारा उपाय एकच, आणि तो आमच्या औषधालयात मिळत नाही.

शल्यचिकित्सक म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहितो. या रोगात तंबाखू पूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुतेक वेळा वाचतो. न सोडणाऱ्याचे आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय असे तुकड्यातुकड्याने जाते, आणि आमची सुरी केवळ त्या मागोमाग चालत राहते. दिवसाला एक-दोन विड्याही रोग जागा ठेवायला पुरतात. विडी सोडून चुना-तंबाखूची पुडी किंवा मिश्री धरणारे अनेक जण भेटतात. त्यानेही भागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास, तर तंबाखू चघळणारे वा लावणारे चोवीसच्या आसपास. तेव्हा हा बदल किती सोपा असतो, याची कल्पना यावी. इतर रुग्णांना सोडताना निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी उपयोगी पडते. या एका रोगात मात्र तेही शक्यतो टाळावे लागते.

"आता या वयात काय उपयोग?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मान सर रिचर्ड डॉल यांचा. ते स्वतः धूम्रपान करीत. १९४९-५० च्या सुमारास लंडनच्या रुग्णालयांतील कर्करोग्यांची माहिती जुळवताना त्यांना जे दिसू लागले, त्यावरून त्यांनी सिगारेट सोडली. १९५१ साली त्यांनी आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या, आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पन्नास वर्षे ठेवला. अखेरचा अहवाल २००४ साली निघाला तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. सतत धूम्रपान करणारे सरासरीने दहा वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाच्या दहा वर्षे वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन. साठीतल्या तीन वर्षांत नातवंडाची शाळा सुरू होते, एखादे लग्नकार्य होते.

रक्तवाहिन्या लवकर माफ करतात. शेवटची विडी विझवल्यावर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते, एका दिवसात कार्बन मोनॉक्साइड रक्तातून जवळजवळ निघून जातो, आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्मा होतो. तलफेचा जोर पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वाधिक असतो आणि बहुतेकांत महिन्याभरात ओसरतो. त्या दिवसांत माणूस चिडतो, झोपत नाही, जेवणावर खेकसतो. घरच्यांनी ते आजाराचे लक्षण समजून सोसावे. टोमणे मारू नयेत. एकदा पुन्हा ओढली म्हणजे सारे वाया गेले, असे मानू नये. कायमचे सोडलेल्यांपैकी बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेले असतात. १८००-११-२३५६ या शासनाच्या विनामूल्य दूरध्वनीवर समुपदेशक बोलतात. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही खोली क्रमांक चारमध्ये परिचारिका भगिनी या कामासाठी बसतात. त्या खोलीला एक टेबल आणि दोन खुर्च्या लागल्या. देणगीदारांनी आम्हाला शस्त्रक्रियागृहासाठी दिलेल्या कोणत्याही यंत्राइतकेच तिचे मोल मी मानतो.

त्या शेतमजुराचे बोट काढावे लागले. जखम भरत आली असताना चहाच्या टपरीवर कोणीतरी विडी पुढे केली, त्याने घेतली, आठवड्याभरात जखम पुन्हा उघडली. तो स्वतःच येऊन सांगून गेला, हे विशेष. त्यानंतर मात्र त्याने सोडली. पाऊल शाबूत आहे. थंडीत दुखते, पण तो भांगलणीला जातो. गेल्या खेपेस त्याची आई सोबत होती. निघताना दारात थांबून तिने विचारले, "याचा धाकला भाऊबी ओढतो सायेब, त्याला घिऊन येऊ का? त्याला अजून काई झालं न्हाई." घेऊन या म्हणालो. शल्यचिकित्सा विभाग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊपासून उघडा असतो. धाकटा अजून आलेला नाही.